इन्व्हर्टर ओरडला म्हणजे बॅटरी मेली असे नव्हे

मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागले की घोडेगाव मागे पडते आणि थोड्याच वेळात डिंभ्याचे धरण दिसू लागते. घोड नदीवरचे हे धरण. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव दिले आहे. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. धरणाच्या पायथ्याशी ५ मेगावॅटचे वीजघर आहे. आणि तरीही पावसाळ्यात डिंभ्यात लाईट जाते. पाहुण्यांना याचे नवल वाटते, गावकऱ्यांना वाटत नाही. वीजघरात तयार झालेली वीज थेट गावात येत नसते. ती सगळ्या राज्याच्या जाळ्यात जाते, आणि गावाला वीज आणणारी तार झाडीतून, डोंगराच्या कडेने येते. एक फांदी पडली की अंधार. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावरून जुन्नर-आंबेगावकडे सरकले, तेव्हा विजेचे खांब कसे आडवे झाले होते ते इथली माणसे अजून सांगतात.

त्यामुळे या भागात इन्व्हर्टर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आमच्या आत्याच्या घरीही तो आहे. त्यावर ओसरीचा दिवा, स्वयंपाकघराचा दिवा, दोन पंखे, टीव्ही आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे गोठ्याचा दिवा. महत्त्वाचा अशासाठी की बिबट्या इथे केवळ गोष्टीत भेटत नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र काढावे लागले, यावरून काय ते समजावे. गोठ्यात दोन गाई आणि एक कालवड. दिवा विझला की आत्याची झोप उडते. दिव्याने बिबट्या येतच नाही असे कोणी छातीठोक सांगणार नाही, पण अंधारात दाराबाहेर पाऊल टाकण्यापेक्षा उजेडात टाकलेले बरे, एवढे तर खरे.

गेल्या आषाढात मी तिथे मुक्कामाला होतो. रात्री आठला लाईट गेली. वीस मिनिटे झाली नाहीत तोच इन्व्हर्टर टीं टीं करू लागला, लाल दिवा लुकलुकू लागला, आणि आणखी दहा मिनिटांत सगळे गप्प. आत्या बॅटरी घेऊन गोठ्याकडे निघाली. बॅटरी म्हणजे हातातली, टॉर्च. मामा म्हणजे आत्याचे मालक. ते अंधारातच म्हणाले, "महिना झाला हे असंच चाललंय. बॅटरी मेली. बुधवारी जाऊन नवी आणतो." नवी बॅटरी म्हणजे पंधरा-सोळा हजार. पैसे घरात होते, पण ते भाताच्या लावणीच्या मजुरीसाठी बाजूला काढलेले. दुकानदाराने फोनवरच सांगून टाकले होते की तीन वर्षे झाली ना, मग बदलाच. न पाहता, न मोजता.

मी म्हटले, एक दिवस थांबा. घोडेगावकडचे एक वायरमन आमच्या ओळखीचे. पंचवीस वर्षे मोटारी, स्टार्टर आणि इन्व्हर्टर दुरुस्त करीत आले आहेत. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्यांनी तासाभरात जे केले ते कोणत्याही घरात करता येण्याजोगे आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

कधी वाजतो, ते आधी सांगा

आल्या आल्या त्यांनी झाकण उघडले नाही. ओट्यावर बसून पाणी प्याले आणि विचारले, "मावशी, हा वाजतो कधी? लाईट गेल्या गेल्या, का काही वेळानं? का मिक्सर लावल्यावर?"

प्रश्न साधा, पण अर्धे निदान त्यातच आहे. एखादी वस्तू सुरू करताच इन्व्हर्टर ओरडला आणि ती बंद करताच गप्प झाला, तर बॅटरीचा दोष नाही, बोजा जास्त झाला आहे. मिक्सर, इस्त्री, पाणी तापवायची कांडी, फ्रीज ही मंडळी घरगुती लहान इन्व्हर्टरच्या वाटेला जाऊ नयेत. लाईट असतानाही दिवा लालच राहत असेल, तर बॅटरी भरतच नाही असे समजावे. आणि लाईट गेल्यावर काही वेळाने वाजत असेल, तर बॅटरीकडून येणारा दाब इन्व्हर्टरला कमी पडतो आहे. आत्याच्या घरी हा तिसरा प्रकार होता.

"कमी पडतोय एवढंच तो सांगतोय," वायरमनदादा म्हणाले. "का कमी पडतोय ते तो सांगत नाही. ते आपण शोधायचं."

किती वेळ चालला पाहिजे, याचाही हिशेब त्यांनी मामांपुढे मांडला. बॅटरीवर १५० एएच लिहिलेले, दाब १२ व्होल्ट. १५० गुणिले १२ म्हणजे १८०० वॅट-तास. यातला पाचवा हिस्सा तरी इन्व्हर्टरमध्येच खर्च होतो. उरले साधारण १४००. आता बोजा: ९ वॅटचे पाच एलईडी दिवे म्हणजे ४५, दोन जुने पंखे मिळून १५०, टीव्ही आणि त्याचा डबा मिळून ८०. एकूण पावणेतीनशे वॅट. कागदावर पाच तास येतात. पण बॅटरीतून वीज जितकी भराभर उपसावी तितकी ती एकंदरीत कमी मिळते, आणि तीन वर्षांची बॅटरी नव्यासारखी नसते. म्हणून तीन तास धरायला हरकत नाही. मिळत होता अर्धा तास. इतकी मोठी तूट नुसत्या वयाने येत नाही, असे त्यांचे मत पडले.

विहीर भरलेली, फुटव्हॉल्व्ह चोंदलेला

मग त्यांनी मीटर काढला. हा साधा मल्टिमीटर चार-पाचशे रुपयांत मिळतो, आणि ज्याच्या घरी मोटार आहे त्याच्या घरी तो असावाच. फक्त त्याची कळ डीसी व्होल्टवर आहे ना, हे पाहून घ्यावे.

लाईटचा मेन बंद करून, इन्व्हर्टरही बंद ठेवून, बॅटरीला तासभर विसावा दिला. मग तिच्या दोन्ही शिशाच्या खुंट्यांवर मीटरच्या सुया टेकवल्या. १२.४ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यात १२.६ ते १२.७ दाखवते, निम्मी रिकामी झालेली १२.२ च्या आसपास. म्हणजे ही अगदी भरलेली नव्हती, पण मेलेलीही नव्हती.

आता इन्व्हर्टर चालू करून पंखे, दिवे, टीव्ही सगळे लावले आणि पुन्हा मोजले. खुंट्यांवर १२.१. नंतर सुया खुंट्यांवरून उचलून इन्व्हर्टरच्या पाठीमागे, जिथे जाड वायरी आत शिरतात तिथे टेकवल्या. १०.९! तेवढ्यात इन्व्हर्टरने टीं टीं सुरू केले.

"बघा मामा. बॅटरी देतीय १२.१. याला पोचतायत १०.९. सव्वा व्होल्ट वाटेतच गेला की."

मामांना पटेना. तेव्हा दादांनी जे सांगितले ते मला फार आवडले. विहीर तुडुंब भरलेली आहे, पण फुटव्हॉल्व्हला शेवाळ आणि कचरा बसला आहे. मोटार चालू केली तर पाईपात पाणी येत नाही. म्हणून कोणी विहीर बुजवून दुसरी खणतो का?

घरातले दिवे २३० व्होल्टवर चालतात, तेव्हा पावणेतीनशे वॅटला वीज लागते सव्वा ॲम्पिअरच्या आत-बाहेर. पण तेच काम १२ व्होल्टच्या बॅटरीकडून करून घ्यायचे तर तिच्या वायरींतून जवळजवळ तीस ॲम्पिअर वाहावे लागतात. एवढ्या प्रवाहाला वाटेत केसाएवढा अडथळाही भारी पडतो. विसाव्यात, प्रवाहच नसताना, तो अडथळा मीटरला दिसत नाही. बोजा घातला की दिसतो. आणि इन्व्हर्टर बिचारा आपल्या टोकाला जे येते तेवढेच पाहतो. अकराच्या खाली गेले की ओरडायला लागायचे आणि साडेदहाच्या आसपास बंद पडायचे, असे त्याला शिकवलेले असते. तो बॅटरीला वाचवण्यासाठीच बंद पडतो. फार खोलवर उपसली तर बॅटरी खराब होते.

दादांनी लाल वायरच्या टोकाला बोट लावून लगेच मागे घेतले. ते चांगलेच तापले होते. नट सोडवला, तर खुंटी आणि वायरचे टोक यांच्यामध्ये पांढरट-हिरवी पूड साठलेली, आणि नटही ढिला. महिनाभराची सगळी ओरड इथे होती.

ही पूड काढायची रीत सोपी आहे, पण क्रम पाळावा लागतो. आधी इन्व्हर्टरचा प्लग काढावा आणि त्याची कळही बंद करावी. हातातली अंगठी, कडे, बांगड्या काढून ठेवाव्यात. धातूची बांगडी दोन खुंट्यांना एकदम टेकली तर लालबुंद होऊन मनगट भाजते. सोडवताना आधी काळी वायर, मग लाल. जोडताना आधी लाल, मग काळी. पाना दोन्ही खुंट्यांना एकाच वेळी लागू देऊ नये. वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टोके घासावीत. फेस येतो, पूड विरघळते. हे पाणी बॅटरीच्या भोकांत मात्र जाऊ देऊ नये, नाहीतर आतले ॲसिड निकामी होईल. मग कोरड्या फडक्याने पुसून, नट घट्ट आवळून, वरून व्हॅसलीन लावावे. व्हॅसलीन आवळल्यानंतर, आधी नाही.

हे झाल्यावर पुन्हा बोजा घालून मोजले. खुंट्यांवर १२.१ आणि इन्व्हर्टरपाशी ११.९. खर्च: सोडा, व्हॅसलीन आणि पाऊण तास.

आत पाहिले तेव्हा

इथेच थांबले असते तर चार महिन्यांनी रडगाणे पुन्हा सुरू झाले असते. दादांनी बॅटरीची सहाही बुचे पाहिली. ट्युब्युलर बॅटरीच्या बुचांत पाण्याची पातळी दाखवणारी दांडी असते, तिच्यावर हिरवा आणि लाल पट्टा असतो. दोन कप्प्यांतल्या दांड्या लालच्याही खाली बसल्या होत्या, आणि पाणी जेमतेम प्लेटांच्या टोकापाशी आले होते. प्लेट एकदा उघडी पडून वाळली की तेवढा भाग कामातून जातो.

पाणी का कमी होते? बॅटरी भरत असताना आतल्या पाण्याचा काही अंश वायू होऊन उडून जातो. उडते ते पाणी, ॲसिड आतच राहते. म्हणून भर घालायची ती फक्त डिस्टिल्ड पाण्याची. ॲसिड कधीही घालू नये. विहिरीचे, नळाचे किंवा फिल्टरचे पाणीही नको. हल्ली गावोगावी शुद्ध पाण्याची यंत्रे आली आहेत. ते पाणी पिण्यास उत्तम, पण त्यात क्षार थोडे तरी राहतातच, आणि बॅटरीला थोडेसुद्धा चालत नाहीत. आत्या मान खाली घालून म्हणाली, "मी एकदा हंड्यातलं घातलं होतं रे." घातले ते घातले, आता काढता येत नाही.

प्लेटा बुडालेल्या असतील तर बॅटरी पूर्ण भरल्यावर पाणी घालावे, कारण भरताना पातळी वर चढते आणि काठोकाठ भरलेले ॲसिड बाहेर येते. ते बाहेर आले की खुंट्यांवर तीच पूड जमते. प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडण्यापुरते घालून बॅटरी भरावी, मग उरलेले. उन्हाळ्यात दर महिन्याला दांड्या पाहाव्यात; एरवी दोन महिन्यांनी पाहिल्या तरी चालेल. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर पंधरा मिनिटे सतत पाण्याची धार धरून लगेच दवाखाना गाठावा.

आणखी एक गोष्ट पाहून दादांच्या कपाळाला आठी पडली. बॅटरी होती देवघराखालच्या बंद फडताळात, आणि वर निरांजन. बॅटरीतून उडणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो. बंद जागेत तो साठला आणि ठिणगी मिळाली की बॅटरी बॉम्बसारखी फुटते. त्याच दिवशी ती ओसरीच्या हवेशीर कोपऱ्यात, लाकडी फळीवर आली. गोठ्यात वैरणीजवळ, चुलीजवळ किंवा झोपायच्या खोलीत पलंगाखाली ती ठेवू नये.

पाठीमागचे लहानसे बटण

पण टोके साफ होण्याआधीही विसाव्यातला आकडा १२.४ वरच का अडकला होता? दिवसभर लाईट होती, मग बॅटरी पूर्ण का भरली नाही?

याचे उत्तर इन्व्हर्टरच्या पाठीमागे सापडले. तिथे एक लहान बटण असते. एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'इको', 'नॉर्मल' किंवा असेच काही लिहिलेले. यूपीएसवर ठेवले की इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या दरम्यानचीच वीज चांगली मानतो. त्याहून कमी आली तर लाईट गेली असे समजून स्वतःच बॅटरीवर जातो. दुसऱ्या बाजूला ठेवले तर १०० च्या आसपासपर्यंतही तो चालवून घेतो. आत्याचे घर लाईनच्या शेवटच्या टोकाला. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे, टीव्ही लागले, कुणाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज १६०-१७० वर येते. म्हणजे घरात दिवे लागलेले, खांबावर वीज आलेली, आणि इन्व्हर्टर मात्र गुपचूप बॅटरी उपसतो आहे! आतेभावाने लॉकडाऊनच्या दिवसांत कॉम्प्युटरसाठी ते बटण यूपीएसवर केले होते. कॉम्प्युटर त्याच्याबरोबर पिंपरीला गेला, बटण तसेच राहिले.

बँकेत रोज चाळीस रुपये काढायचे आणि तीसच भरायचे, तर महिनाअखेरीस पासबुकात काय राहील? बॅटरीचेही तसेच आहे. पूर्ण उपसलेल्या १५० एएच बॅटरीला भरायला दहा-बारा तास सलग लाईट लागते. अर्धवट भरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण खडे धरतात, आणि मग ती कितीही भरली तरी भरत नाही. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही आणि व्होल्टेज पडते, त्याने ते बटण यूपीएसवर ठेवण्याचे कारण नाही.

शेजारच्या घरची गोष्ट

सगळ्यांचेच असे स्वस्तात निभावते, असे मात्र कोणी समजू नये. आमचे हे चाललेले पाहून शेजारच्या वहिनी आल्या आणि दादांना आपल्या घरी घेऊन गेल्या. त्यांचे घरधनी मुंबईला. दिवाळीनंतर घराला कुलूप लागते ते गावच्या यात्रेला उघडते, आणि जाताना मेन बंद. इन्व्हर्टरची काही निगा नाही. यंदा पावसाळ्यात राहायला आल्या, तर पाच मिनिटांतच ओरड.

तिथे टोके स्वच्छ होती, पाणी बरोबर होते. विसाव्यात मीटर १२.५ दाखवीत होता; मलाही वाटले, आहे की ठीक. पण दोन पंखे लावताच खुंट्यांवरच तो साडेनऊवर कोसळला. वाटेत काही गेले नव्हते. विहीरच आटली होती. दादांनी हायड्रोमीटर काढला. ही काचेची नळी, वर रबरी फुगा आणि आत तरंगणारा काटा. ॲसिड किती दाट आहे ते दाखवते. पाच कप्प्यांत काटा १२३० च्या आसपास, चौथ्यात मात्र ११२०. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत तो साधारण १२४० ते १२५० असतो. नक्की आकडा बॅटरीबरोबरच्या कार्डावर छापलेला असतो. हे माप बॅटरी भरल्यावर घ्यावे, नुकतेच पाणी घातले असेल तर घेऊ नये. एका कप्प्यात आणि इतरांत पन्नासाहून जास्त फरक दिसला की तो कप्पा गेला असे धरावे. सहा बैलांच्या नांगराला एक बैल बसला की बाकीच्या पाचांनी काय करावे?

"वहिनी, ही बदलावी लागेल," दादांनी सांगितले. तिथे त्यांनी आशा लावली नाही, आणि ते बरोबरच केले. फक्त एवढे बजावले की जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. तिची किंमत नव्यातून वजा करून मागा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे शिसे नीट काढून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला दिली तर तो ॲसिड ओढ्यात ओतून मोकळा होतो, आणि शिसे हे मुलांच्या मेंदूला विष आहे. पुढच्या खेपेला घर बंद करताना मेन चालू ठेवून फक्त इन्व्हर्टरची घराला वीज देणारी कळ बंद करावी, म्हणजे बॅटरी भरलेली राहील. तेही जमत नसेल तर शेजाऱ्याला सांगून महिन्यातून एक दिवस भरून घ्यावी.

आमच्या आत्याच्या घरी दोन दिवसांनी पुन्हा लाईट गेली. सायंकाळी सातला. मामा घड्याळ समोर घेऊन बसले होते. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला त्यांनी पंखे आणि टीव्ही बंद केले आणि ओसरीचा व गोठ्याचा, असे दोनच दिवे ठेवले. मी पहाटे चारला उठलो तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता, लाईट आलेली नव्हती, आणि गोठ्याचा दिवा चालू होता. कालवड त्याच्याखाली रवंथ करीत बसली होती.

वायरमनदादांनी पैसे घेतले दोनशे. आत्याने वर दोन शेर इंद्रायणी बांधून दिले. लावणी त्याच आठवड्यात उरकली.